महिन्याला चौदा ग्लास

आमच्या दुकानात महिन्याला बारा-चौदा ग्लास फुटतात. जाड बुडाचे, उभ्या रेघांचे, कटिंगच्या ग्लासांचे थोरले भाऊ म्हणावेत असे. पंचवीस रुपयांना एक. हिशेबाच्या वहीत मी त्यासाठी ‘फूट’ नावाचं वेगळं खातं काढलंय, आणि वर्षाला चार हजारांच्या आसपास त्यात जातात. हिशेब बघणारे काका दर मार्चला त्या खात्यावर बोट ठेवतात. ‘कागदी कप का नाही वापरत? रुपयात काम. धुणं नाही, फुटणं नाही.’ पहिल्या खेपेला मी त्यांना पर्यावरणाचं उत्तर दिलं. ते काही खोटं नव्हतं. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो सहजी कुजत नाही. पण आम्ही कागदी कप बंद केले त्याचं कारण हे नव्हतं.

कोल्हापुरात भाऊसिंगजी रोडला लागून एका बोळात आमचं दुकान आहे. वडिलांच्या काळी तिथं टायपिंग आणि झेरॉक्स चालायचं. जुनं कोर्ट आणि सीपीआर दवाखाना समोरासमोर, त्यामुळे सकाळपासून प्रतिज्ञापत्रं, वकीलपत्रं, केसपेपर आणि रेशनकार्डं यांची रांग. पुढे कोर्ट कसबा बावड्याला नव्या इमारतीत गेलं आणि वर्षभरात दुकानात माश्या मारायची पाळी आली. वडील थकले होते. ‘भाड्यानं देऊन टाक,’ म्हणाले. मी २०१७ साली तिथं कॉफीचं दुकान काढलं. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून फेसाळ दुधाचा ग्लास हातात देतात, तिथं कॉफी विकायला बसणं हा आगाऊपणाच. नवी पाटी रंगवायला घेतली तेवढ्यात पैसे संपले, आणि जुन्या पाटीवरची ‘झेरॉक्स’ ही तीन अक्षरं एका कोपऱ्यात तशीच राहिली. मी हौसेनं ठेवलेलं नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. ‘झेरॉक्सची कॉफी’ हेच रूढ झालं. आजही आठवड्यातून दोघंतिघं आधार कार्ड हातात धरून आत येतात, कुठं आलोय हे कळल्यावर अवघडतात आणि संकोचापोटी एक कॉफी सांगतात. धंद्याच्या दृष्टीनं पाटी उपकारी आहे.

दुकान काढताना डोक्यात नुसती कॉफी नव्हती. पुण्यात शिकत असताना मी हमाल पंचायतीच्या ‘कष्टाची भाकर’मध्ये दोन वर्षं जेवले. १९७४ पासून चाललेलं ते काम. हमाल, रिक्षावाले, विद्यार्थी, सगळे शेजारीशेजारी, आणि दर असा की खिशाला लाज वाटू नये. तिथं कुणी कुणावर उपकार करत नव्हतं. पैसे मोजायचे आणि पोटभर जेवायचं. असं काही आपण कॉफीचं करावं आणि जमेल तेवढा पैसा चळवळींना द्यावा, असा बेत होता. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं: गल्ल्यातले दहा टक्के सामाजिक कामाला. घरकामगार बायकांची संघटना, आशाताईंचा मोर्चा, ऊसतोड कामगारांच्या पोरांची शाळा. शनिवारी संध्याकाळी टेबलं सरकवून बैठका व्हायच्या. भिंतीवर संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदातला दुसरा खंड मोठ्या अक्षरांत लावला. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत अडवता येणार नाही, विहिरी आणि तलावांवरही नाही, असं सांगणारा. लोक त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढायचे. मला फार बरं वाटायचं.

दहा टक्के नफ्यातले नव्हेत बरं का, गल्ल्यातले. हा फरक कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतो. मी समाजशास्त्राची.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात गिऱ्हाईक आटलं. त्यातच एका मोर्चाच्या गाडीखर्चाला आम्ही अठरा हजार दिले. आमच्या नावाचे आभार माइकवरून मानले गेले. पगार मात्र दहा तारखेवर गेले. दुकानात तेव्हा तिघं कामाला: रात्रीच्या कॉलेजात शिकणारा एक पोरगा, भांड्याला एक मावशी, आणि काउंटरमागे वैनी. वैनी शिरोळ तालुक्यातल्या. नवरा वारल्यावर लेकीला घेऊन शहरात आलेल्या. नऊ दिवस त्या काही बोलल्या नाहीत. दहाव्या दिवशी पगाराचं पाकीट मोजून पदराखाली सरकवलं आणि दुधाचं पातेलं उतरवता उतरवता म्हणाल्या, ‘ताई, न्याय जरा एक तारखेला करत जावा की.’

मी हसले. त्या हसल्या नाहीत. लेकीच्या शाळेच्या रिक्षावाल्यानं दोन दिवस पोरीला घेतलंच नव्हतं, हे मला नंतर त्या पोरानं सांगितलं.

तेव्हा मी जरा कायदा वाचला. महाराष्ट्रातला दुकानांचा २०१७ सालचा कायदा तेव्हा दहा आणि त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणांना पूर्णपणे लागू होता. आमच्यासारख्या तीन-चार माणसांच्या दुकानाकडून तो नुसती नोंद मागतो. किमान वेतन तेवढं चुकत नाही. म्हणजे आठवड्याची सुट्टी, आजारपणाची रजा, कामाचे तास, हे बरंचसं मालकाच्या मनावर. आणि मालक कोण, तर मी, भिंतीवर संविधान लावणारी. गावात अशी शेकडो दुकानं आहेत, आणि बहुतेक माणसं अशाच दुकानांत राबतात. वडिलांच्या काळी आमच्या टायपिंगच्या दुकानात चहा घेऊन एक पोऱ्या यायचा. त्याला सगळे ‘बारक्या’ म्हणायचे. हातात तारेचा सहा खणांचा ट्रे, पायात मोठ्या माणसाच्या चपला. हॉटेलांत आणि ढाब्यांवर अशी पोरं ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आली. तोवर तो बारक्या मोठा होऊन कुठं गेला कुणास ठाऊक. त्याचं खरं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. वडील तर माणसानं नुसती सही केली तरी ती बघून त्याचं गाव ओळखायचे.

आता क्रम असा: एक तारखेला पगार, मग भाडं, मग दूध, मग वीज आणि गॅस, मग बाकीचं. उरेल त्यातून देणगी. काही महिने शून्य. फळ्यावरचं ‘दहा टक्के’ पुसलं तेव्हा बैठकांना येणारा एक जुना कार्यकर्ता मला म्हणाला, ‘धंदेवाईक झालीस.’ झाले खरी.

एकदा मी तिघांपुढं भागीदारीची गोष्ट काढली. १९५०च्या दशकात कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला काढली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं तिथल्या कामगारांनी १९५७-५८च्या सुमाराला सहकारी संस्था काढल्या आणि ती हॉटेलं स्वतःच चालवायला घेतली. डोक्याला पंखा लावलेला फेटा, पांढरा गणवेश, आणि गल्ला वेटरांचा. ही गोष्ट मी रंगवून सांगितली. तिघांनी शांतपणे ऐकली. मग पोरानं विचारलं, ‘आपल्या दुकानाला फायदा किती हाय?’ मी आकडा सांगितला. ‘मग तोट्यात भागीदारी कशाला, ताई?’ विषय तिथंच संपला. तो पुन्हा काढायची माझी टाप झालेली नाही.

दुसरी फजिती सोमवारची. आग्र्याला ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या मुलींनी चालवलेलं शीरोज हँगआउट २०१४ साली सुरू झालं, तिथं मेन्यूवर दर नव्हते. जमेल तेवढं द्या. मला ते फार भावलं. आपणही सोमवारी असं करू म्हटलं. सीपीआरमध्ये पेशंटच्या उशाशी बसलेले नातेवाईक, हमाल, पलीकडच्या इमारतीचे गवंडी, यांना कॉफी परवडत नाही, ते निदान सोमवारी येतील. झालं उलटंच. कॉलेजची पोरं बुलेट लावून आली आणि पाच-पाच रुपये टाकून गेली. आणि जे दोघंतिघं गवंडी एरवी अधूनमधून यायचे, ते सोमवारी यायचे बंद झाले. त्यातल्या एकाला विचारलं तर म्हणाला, ‘दर सांगा की सरळ. किती टाकावं ह्येचाच इचार करत कॉफी प्यायची व्हय?’ आग्र्याचं आग्र्याला शोभतं. आमच्याकडे दर लागतो, आणि तो खाली लागतो.

तो खालचा दर मला चिकमगळूरला सापडला. २०१८च्या डिसेंबरात बेळगाव, हुबळी करत गेले होते, पूड थेट मळ्यातून आणायचा विचार होता. बाबा बुडन नावाच्या फकिरानं मोखाहून सात बिया लपवून आणल्या आणि या डोंगरात लावल्या, ही कथा तिथला प्रत्येक जण सांगतो. मळेवाल्यानं मला सावलीची झाडं दाखवली, पक्षी दाखवले, फळ सोलायचं यंत्र, वाळवायचं अंगण. माणूस अगत्याचा होता. तोडणीची मजुरी किती, हे मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा उत्तर पक्ष्यांवर गेलं.

मजुरांच्या खोल्यांना तिथं लाइन म्हणतात. दुपारी तोडणीच्या बाया कमरेची पोती सोडून लाइनीच्या पायरीवर बसल्या होत्या. काही तिथल्याच, काही फार लांबून, आसामाकडून आलेल्या. बोटं चिकट, काळपट. लालबुंद फळ देठाला धक्का न लावता एकेक तोडायचं, हिरवं घ्यायचं नाही. पाच-सहा किलो फळ तेव्हा कुठं किलोभर दाणा. त्यांनी मला पितळेच्या तांब्यातून कॉफी दिली. काळी, गुळाची, बिनदुधाची. दूध कुठून आणणार? मी दुकानात ज्या दाण्याची ताजी, सायीची, दीडशे मिली दुधातली कॉफी विकते, तो दाणा तोडणाऱ्या बाया त्याची ही कॉफी पितात. आणि खरं सांगायचं तर ती माझ्यापेक्षा चांगली होती. गुळानं कडवटपणाला गोल करून टाकलं होतं.

गूळ म्हटल्यावर कोल्हापूरच्या माणसाला सुचवायला लागत नाही. घरी येऊन प्रयोग सुरू केले. पहिल्या दिवशी हौसेनं गुळाच्या कॉफीत दूध घातलं आणि सगळं नासलं; गरम दुधात गूळ पडला की असं व्हायचंच, आई दारातून म्हणाली, मला विचारायचंस तरी. मग दुधाचा नाद सोडला. आठ ग्रॅम पूड, दोन छोटे चमचे किसलेला गूळ, रात्रभर ठिबकलेला काढा, वरून उकळतं पाणी. पूड, गूळ, गॅस, धुणं मिळून अकरा-बारा रुपये खर्च. दर वीस रुपये, सगळ्यांना, सगळे दिवस. ब्राझील आणि व्हिएतनाममधल्या दुष्काळानं २०२४-२५ मध्ये कॉफीचे भाव जगभर पेटले, माझी पूड दीडपट महागली, तरी हा वीसचा दर मी धरून ठेवलाय. कॅपुचिनो मात्र सत्तरवरून नव्वदला गेली. बुलेटवाली पोरं कुरकुरली. कुरकुरू देत.

आता कागदी कपाकडे येते.

ते दुकानात आले २०१९च्या ऑगस्टात. महापुरात महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, दूध येईना, पेट्रोल मिळेना. आमच्या बोळात पाणी आलं नाही, म्हणून आम्ही आसपासच्या निवाऱ्यांत रोज चार-पाचशे लोकांचा काळा चहा आणि काळी कॉफी पोचवत होतो. तिथं ग्लास कोण धुणार? कागदी कपांची पोती आणली. पूर ओसरला, पोती उरली. मग कोरोना आला, आणि एकमेकांच्या उष्ट्याची भीती सरकारी सूचनेसारखी घरोघर पोचली. कागदी कप म्हणजे काळजी, असं झालं. कोरोना सरला तरी काउंटरच्या डाव्या बाजूला कपांची चळत राहिलीच. पार्सलला बरी म्हणून.

सकाळी साडेसातला घंटागाडी येते. गाडीबरोबर आक्का येते. पन्नाशीच्या पुढची, किडकिडीत, पायात गमबूट, त्यावर साडी खोचलेली. तिला आम्ही रोज कॉफी द्यायचो, फुकट. ती पायरीखाली उभी राहायची, पोरगा कागदी कप पुढं करायचा, ती दोन घोटांत संपवून कप स्वतःच्याच गाडीत टाकायची आणि जायची. हे वर्षभर चाललं असेल. मला वाटायचं, तिला घाई असते. मला असंही वाटायचं, आपण रोज एक चांगली गोष्ट करतो.

त्या दिवशी पोरगा रजेवर होता आणि काउंटरला वैनी. हा २०२२च्या दिवाळीनंतरचा काळ. त्या वर्षी ४ मे रोजी शिरोळ तालुक्यातल्याच हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला होता, की नवरा वारला म्हणून बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. वैनींचं गाव त्याच्या शेजारचं. ठराव झाला त्या महिन्यात त्या गावी जाऊन आल्या आणि हातात हिरवा चुडा घालूनच आल्या. काउंटरमागून ग्लासाला काचेच्या बांगड्या लागल्याचा आवाज तेव्हापासून येतो. एकदा एक मुलगी मोबाइलवर चित्रण करत आली होती, वैनींना म्हणाली, तुमची स्टोरी सांगा ना. ‘मेन्यूत हाय का ती?’ वैनींनी विचारलं आणि ऑर्डर घ्यायला पुढं झाल्या.

तर त्या दिवशी आक्का आली. वैनींनी काचेच्या ग्लासात कॉफी ओतली आणि आतून हाक मारली, ‘आत या की आक्का. बसून घ्या.’ आक्का म्हणाली, ‘नगं. कागदाचंच द्या.’ वैनी म्हणाल्या, ‘कागद संपल्यात.’ संपले नव्हते. चळत समोर दिसत होती. आक्कानं चळतीकडे बघितलं, वैनींकडे बघितलं, गमबूट पायरीवर आपटून माती झाडली आणि पंख्याखालच्या टेबलाशी, खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

शेजारच्या टेबलावर आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक पेपर वाचत होते. निवृत्त, सुस्वभावी, शनिवारच्या बैठकांना न चुकता येणारे, कुठल्याही निवेदनावर पहिली सही करणारे. त्यांनी पेपर खाली घेतला, पुन्हा वर घेतला. मग उठून काउंटरशी माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘ग्लास गरम पाण्यातून काढता ना हो?’

आणि मी म्हणाले, ‘हो, हो. उकळत्या पाण्यातून. रोज.’

एवढंच. भांडण नाही, आवाज नाही. ते समाधानानं जागेवर गेले. आक्कानं कॉफी संपवली, ग्लास स्वतः मोरीपर्यंत नेऊन ठेवला आणि गेली. वैनी माझ्याशी दुपारपर्यंत बोलल्या नाहीत. मला त्याचं कारण कळायला, खोटं कशाला सांगू, रात्र झाली. गिऱ्हाइकानं विचारलेला प्रश्न ग्लासाचा नव्हताच, आणि मी उत्तर मात्र ग्लासाचं दिलं. तेही अगदी तत्परतेनं, एखाद्या चांगल्या दुकानदाराला शोभेल असं.

आजीच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कान तुटलेला कप पालथा असायचा. घरात कान तुटलेले कप एरवी टाकून द्यायचे. हा ठेवलेला होता, भांडीवाल्या बाईसाठी. आजी तिच्याशी प्रेमानं बोलायची, सणाला साडी द्यायची, तिच्या पोरीच्या बाळंतपणाला तूप पाठवलं होतं. पण चहा त्या कपात, आणि तो कप तिनं तिचा धुवायचा, तिनंच खिडकीत पालथा घालायचा. गावाकडच्या हॉटेलांत अशाच कपबश्या बाहेर कुडाला अडकवलेल्या असायच्या म्हणतात. मी कॉलेजात असताना त्या खिडकीवरून आजीशी भांडले होते. कप काढून फेकला होता. त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मला तो कप दिसला आणि त्याच्याशेजारी आमची कागदी चळत. माझा कप आजीच्यापेक्षा सोयीचा होता. तो धुवावाही लागत नव्हता.

कोल्हापुरात चहा-कॉफीचं दुकान काढलं आणि न्यायाचं नाव घेतलं की कुणीतरी गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगतंच. शंभरेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गंगाराम दरबारच्या नोकरीत. पाण्याला शिवले म्हणून सोबतच्याच नोकरांनी त्यांना बेदम मारलं. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, नोकरी सोड, स्वतःचा धंदा काढ. त्यांनी याच भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला कुणी येईना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घ्यायचे, आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे.

ही गोष्ट मी शाळेपासून ऐकलीय, आणि दुकान काढल्यावर मीही भाषणांतून सांगितली. पण दहा वर्षं होत आली गल्ल्यावर बसून, आता ऐकताना माझं लक्ष भलतीकडे जातं. गोष्ट हॉटेल चालवणाऱ्याची, आणि आपण सांगतो ती गिऱ्हाइकाची. महाराजांची गाडी आली त्या दिवशीचं सगळ्यांना ठाऊक. गाडी आली नाही त्या दिवशी गंगारामांनी सकाळी किती दूध घेतलं असेल? संध्याकाळी किती उरलं? महाराजांपुढं मुकाट्यानं चहा प्यायलेले मानकरी दुसऱ्या दिवशी एकटेच तिथून जाताना कुठं बघत गेले? हॉटेलवाल्याला हे प्रश्न आधी सुचतात. महाराजांचं मोठेपण यानं कणभर कमी होत नाही. पण रोज चूल पेटवणाऱ्याचं धैर्य वेगळ्या जातीचं असतं आणि त्याची गोष्ट आपल्याकडे कमी सांगितली जाते, एवढंच म्हणायचंय. माझ्या दुकानात तर त्या सकाळी उलटंच झालं होतं. गिऱ्हाईक आत येऊन बसलं होतं, हॉटेलवालीच डगमगली.

आक्का त्यानंतर अकरा दिवस आली नाही. म्हणजे गाडी यायची, घंटा वाजायची, ती बोळाच्या तोंडाशीच थांबायची. बाराव्या दिवशी मी तिथं गेले. आधी म्हणाली, टाइम न्हाई. मग म्हणाली, राग बी न्हाई. मग डबा गाडीत पालथा करता करता, माझ्याकडे न बघता, ‘ताई, एक इचारू? त्यास्नी तुमी सांगितला न्हवं, उकळत्या पाण्यात धुतो म्हणून. त्ये मी पिल्यावर धुतासा, का समद्यांनी पिल्यावर?’

मी म्हणाले, सगळ्यांनी प्यायल्यावर.

‘मग त्यास्नी तसं सांगायचं.’

ती घंटा वाजवत पुढं गेली.

कागदी कप त्याच आठवड्यात बंद केले. सोपं नव्हतं. पार्सलचा धंदा जवळजवळ चौथाई होता. सीपीआरमधल्या नातेवाइकांची खरी अडचण. पेशंटला सोडून येऊन बसणार कसे? त्यांच्यासाठी सहा छोट्या स्टीलच्या किटल्या आणल्या, पन्नास रुपये अनामत ठेवून न्यायच्या. तीन परत आल्याच नाहीत. चौथी घेऊन गेलेल्या बाई तीन महिन्यांनी निपाणीहून आल्या, किटली घासूनपुसून लख्ख केलेली, आत दोन मूठ शेंगदाणे. पेशंटचं विचारलं, तर नुसती मान हलवली.

त्या गिऱ्हाइकांचं काय झालं, असं मला जवळचे लोक विचारतात. काही झालं नाही. मी त्यांना आक्काचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते गोरेमोरे झाले, ‘माझा तसा हेतू नव्हता,’ म्हणाले. नसेलही. आठवडाभर आले नाहीत, मग यायला लागले, आता ते कॉफी झाली की स्वतःचा ग्लास मोरीशी नेऊन ठेवतात. मी त्यांना एकदाही तसं सुचवलेलं नाही, आणि नका ठेवू असंही म्हटलेलं नाही. वैनी मात्र त्यांच्या मागून तोंड दाबून हसतात.

आक्का परत आली, पण अटीवर. फुकट नको. वीस रुपये देणार. पहिल्या दिवशी दहाच्या दोन नोटा तिनं काउंटरवर अशा ठेवल्या, की मला पावती फाडावीशी वाटली. पंख्याखालचं टेबल तिचं. खुर्चीवर आता पाठ टेकून बसते, कधी गाडीवरच्या पोरालाही घेऊन येते, आणि गूळ कमी पडतोय अशी तक्रार रोज करते. एकदा तिच्या हातून ग्लास फुटला. उठून पैसे द्यायला लागली. मी वही काढून ‘फूट’चं पान दाखवलं. त्या महिन्यातले तेरा, त्यातले चार माझ्या हातचे. तिनं बोट ठेवून आकडे मोजले, बराच वेळ.

गेल्या वर्षी १८ ऑगस्टला, २०२५ साली, मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. वकिलांचा कित्येक वर्षांचा लढा. आणि बसलं कुठं, तर सीपीआरसमोरच्या त्याच जुन्या कोर्टाच्या इमारतीत. बोळात पुन्हा काळे कोट दिसायला लागले. जागांचे भाव चढलेत, घरमालकाचा आवाजही बदललाय. रोज पाच-सहा जण आत डोकावून विचारतात, झेरॉक्स आहे का? वडील कोपऱ्यात बसून ऐकतात आणि माझ्याकडे बघतात. वैनींचं मत, एक मशीन टाकूया. मलाही ते पटायला लागलंय.

सकाळी साडेसातला मात्र अजून कोर्ट उघडलेलं नसतं. घंटा वाजते, गमबुटांचा आवाज येतो. या महिन्यात आक्काच्या नावावर एकशेचाळीस रुपये उधारी आहे. ठेकेदारानं पगार लांबवलाय. काल वैनींनी वही पुढं केली, तर गूळ हलवता हलवता आक्का म्हणाली, ‘देतो की. त्याचा न्याय एक तारखेला हुतोय व्हय?’

वैनींनी माझ्याकडे बघितलं. हे वाक्य त्यांनीच तिला कधीतरी सांगितलं असणार.